‘पोरकी’ या शब्दाची साक्ष

९ जानेवारी १९२७, रविवार

मामांना रेल्वेच्या मालऑफिसातून दोन डायऱ्या मिळाल्या. एक त्यांनी ठेवली, एक मला दिली. आठ दिवस ती कोरीच पडून होती. कन्या पाठशाळेत तिसरीच्या मुलींना पाढे शिकवणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीनं रोज लिहायचं तरी काय? ‘आज सातचा झाला, उद्या आठचा’?

आज मात्र घडलं काहीतरी. सकाळी गोविंदराव काका आले. ते मामांचे जुने हेडमास्तर. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ओसरीत वाळत घातलेल्या मामांच्या कोटाला त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, ‘मधुसूदन, फार खराब झालास रे.’ हसू दाबायला मी स्वयंपाकघरात पळाले, तर मामी तिथं आधीच तोंडात पदर धरून उभी.

काकांना मोडी वाचणारं माणूस हवं होतं. झाशीत असं माणूस मिळणं आता कठीण. मामांचे वडील आप्पा, त्यांची नजर गेल्यावर त्यांची जुनी पत्रं मीच वाचून दाखवायची, म्हणून मला मोडी येते. काकांनी आणलेला कागद राधाबाईंच्या मृत्युपत्राचा होता. राधाबाई मूळच्या गुरसरायच्या. दतिया दरवाज्यापाशी स्वतःच्या घरात एकट्या राहायच्या. मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. दोन वर्षांपूर्वी त्याही गेल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय : ‘माझें राहतें घर पोरक्या मुलींस राहावयास द्यावें. पोरक्या मुली न मिळाल्यास तें पुतणे आबासाहेब यांजकडे जावें. व्यवस्था गोविंदराव मास्तर यांनीं पाहावी.’

काकांनी व्यवस्था पाहिली. गेल्या वर्षी त्या घरात दोन बहिणी आणून ठेवल्या, नऊ वर्षांची रुक्मिणी आणि सहा वर्षांची बकुळ. काकांची विधवा बहीण त्यांना सांभाळते. आता आबासाहेबांनी दावा लावलाय. त्यांचं म्हणणं असं, की मुलींची आई मेली हे खरं, पण बाप कानपूरला धडधाकट आहे, तेव्हा या पोरक्या नव्हेतच, घर आम्हाला द्या. कोर्टासाठी केलेल्या उर्दू तर्जुम्यात ‘पोरक्या’च्या जागी ‘यतीम’ पडलंय आणि मुन्सफसाहेब म्हणतात, बाप जिवंत असताना यतीम कसं म्हणायचं?

‘पोरकी म्हणजे यतीम नव्हे,’ काका काठी आपटून म्हणाले.

‘मग पोरकी म्हणजे काय?’ मी विचारलं.

‘तेच तू कोर्टात सांगायचंस, इंदू.’

आत मामीच्या हातातून पळी पडली.

१० जानेवारी, सोमवार

मामी बोलत नाही. म्हणजे ‘पाणी तापलं’, ‘वेणी नीट घाल’ एवढं बोलते, पण बोलत नाही.

कारण उघड आहे. मुलींनी कोर्टाची पायरी चढायची नाही. त्यातून माझ्यासाठी स्थळं बघणं चाललंय. तीन येऊन गेली. तिन्हींनी मुलगी पसंत, घर पसंत, असं सांगितलं आणि मग पत्रच आलं नाही. चौथं येईल तेव्हा ‘मुलगी मुन्सफीत साक्ष देते’ हे कळलं तर ते टांग्यातून उतरणारसुद्धा नाहीत. मामीला तीच काळजी. मला उलट बरंच वाटतंय.

मामा म्हणाले, ‘जा तू. शब्दाचा अर्थ सांगायला कसली लाज?’

मामी म्हणाली, ‘तुम्हाला कळायचं नाही.’

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन दतिया दरवाज्याला गेले. ज्यांच्यासाठी भांडायचं त्या मुली बघाव्यात तरी.

रुक्मिणीनं दार उघडलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘आप कोर्टवाली दीदी हो?’ मी मराठीत ‘हो’ म्हटल्यावर तीही मराठीत आली, पण तिचं मराठी हिंदीच्या चपला घालूनच चालतं. घरावर राज्य तिचंच. काकांच्या बहिणीलासुद्धा ती ‘पायताण बाहेर’ म्हणून दटावते. बकुळचे पुढचे दोन दात पडलेत, तरी तिनं माझ्यासमोर पाच लाडू संपवले. शेजारीपाजारी सगळे तिला ‘बकुल’ म्हणतात आणि ती प्रत्येकाला थांबवून ‘बकुल नाही, बकुळ्ळ’ असं जीभ वळवून शिकवते.

मी सहज विचारलं, ‘बाबांचं पत्र येतं का गं?’

रुक्मिणी उंबऱ्याबाहेरची पायताणं सारखी करायला लागली. बकुळ म्हणाली, ‘बाबा कानपूरला गिरणीत आहेत. तिथं त्यांना नवी आई मिळाली. त्यांनाच मिळाली, आम्हाला नाही.’

मला असा संताप आला! कानपूर काय काळ्या पाण्यावर आहे? इथून सकाळी गाडीत बसलं की संध्याकाळच्या आत पोचतं माणूस. दोन लेकी आहेत, वर्षातून एकदा येऊन तोंड दाखवायला काय होतं?

येताना स्टेशनावरून आले. काल गुरुवार, म्हणजे बाबांची मालगाडी बीनाहून येण्याचा दिवस; आज ते इथंच असणार. माझे बाबा गार्ड आहेत. बीनाला त्यांचं बिऱ्हाड, तिथं माझी दोन सावत्र भावंडंही आहेत. आठवड्यातून दोनदा ते गाडी घेऊन झाशीला येतात, रनिंग रूममध्ये झोप काढतात आणि परतीची गाडी घेऊन जातात. घरी येणं जमत नाही. गार्डाची नोकरीच तशी. चौकीदार म्हणाला, ‘गार्ड साहब सो रहे हैं, बिटिया.’ झोपेतून कशाला उठवायचं? तिळगुळाची पुडी त्याच्याजवळ ठेवून आले.

१६ जानेवारी, रविवार

साक्षीची तयारी सुरू. भेटेल त्या मराठी माणसाला एकच प्रश्न : पोरकं म्हणजे काय?

मामा : ‘आमच्या मालऑफिसात त्याला बेवारस म्हणतात. सहा महिने वाट बघायची, मग लिलाव.’

लक्ष्मी तालाच्या देवळातले गुरुजी : ‘ज्याला नाथ नाही तो अनाथ. हा झाला संस्कृत शब्द. पोरका हा प्राकृत. त्याच्यात मी पडत नाही.’ आणि खरोखरच न पडता ते प्रदक्षिणेला निघून गेले.

शाळेतल्या शिपाईणबाईंचा नवरा साताऱ्याकडचा. तो म्हणाला, ‘साहेब बदलून गेल्यापासून आमचं खातं पोरकं झालंय.’ हा अर्थ कोर्टाला सांगून उपयोग नाही.

सगळ्यात शहाणा निघाला शेजारचा इंजिन ड्रायव्हर भीमराव, मूळचा खानदेशचा. विडी विझवून बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘ताई, आमच्याकडं गाय मेली तर वासरू पोरकं. बैल मेला तर वासराला कुणी पोरकं म्हणत नाही.’

मी तिथल्या तिथं ते वहीत उतरवून घेतलं. घरी येऊन मामीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आता गुरांवर आलीस का?’ आणि भाजीत मीठ दोनदा पडलं.

२३ जानेवारी, रविवार

आज कमळाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. त्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, पण मामी अकरा वर्षं त्यांच्याकडे गेलेली नाही. मी लहानपणापासून ऐकत आले ते असं, की एका पितळी पातेल्यावरून काहीतरी झालं. मी म्हटलं, पातेल्याचं भांडण माझं नाही. आणि गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या बायका एकाच जागी सापडणार, अर्थ विचारायला याहून चांगली संधी कुठली? मामीला न सांगता गेले.

कमळाकाकूंनी प्रेमानं कुंकू लावलं. माझा प्रश्न ऐकून मात्र कसनुशा झाल्या. ‘हा शब्द तू मला विचारतेस?’

‘का? काय झालं?’

‘तुझ्या मामीनं सांगितलं नाही कधी? अगं, तू नऊ वर्षांची होतीस. असंच हळदीकुंकू होतं. मामीनं तुला नवा परकर शिवला होता, जरीचा. मी एवढंच म्हटलं, पोरक्या पोरीचे फार लाड करू नयेत हो, पुढं जड जातं. तुझ्या भल्याचंच म्हटलं. तशी ती उठली. हातातलं वाण तिथंच ठेवलं, तुझा दंड धरला आणि निघाली. ती अजून आलेली नाही.’

म्हणजे पातेलं नव्हतंच! मला गंमत वाटली. एवढ्याशा शब्दावरून अकरा वर्षं? मामी म्हणजे मामीच. तशी ती मला नेहमी ओरडत असते, वेणीवरून, उशिरावरून, चालताना पुस्तक वाचण्यावरून. तिचं तिलाच ठाऊक.

साक्षीसाठी मात्र चांगला दाखला मिळाला. बाबा तेव्हाही होतेच की, आणि हे काकूंना ठाऊक होतं. तरी त्या ‘पोरकी’ म्हणाल्या. वहीत लिहून ठेवलं.

मी स्वतः पोरकी आहे असं अर्थात नाही. मला बाबा आहेत. मामा आहेत, मामी आहे. शब्द कसा वापरतात एवढ्यापुरतंच ते.

२९ जानेवारी, शनिवार

मामीनं आज कारण नसताना साटोऱ्या केल्या. मला आवडतात म्हणून दोन जास्त वाढल्या आणि मग ‘किती खातेस’ म्हणून ओरडली.

जेवण झाल्यावर म्हणाली, ‘त्या शब्दाचा अर्थ तू काय सांगणार आहेस?’

‘खरा आहे तो.’

‘खरा म्हणजे कोणता?’

‘आई नसलेलं मूल. बाप असो की नसो.’

‘सगळ्यांसमोर सांगशील?’

‘कोर्टात आणखी कुठं सांगतात, मामी?’

तिनं ताटं उचलली. पुढं विचारलंच तर स्थळांचा विषय निघणार, म्हणून मी शाळेच्या वह्या काढून बसले.

५ फेब्रुवारी, शनिवार

आबासाहेब स्वतः आमच्याकडे आले! मला वाटलं होतं मिशा पिळणारा कुणी असेल. हे गोलमटोल, तपकिरीच्या डबीवर सतत बोटं वाजवणारे. मामांशी गुरसरायच्या आंब्यांवर बोलले, मामीच्या हातच्या तीन करंज्या खाल्ल्या आणि निघताना मला म्हणाले, ‘बेटी, तुझ्यावर राग नाही. मुलींना मी रस्त्यावर टाकणार नाही. बाप आहे, बापाकडे पोचवीन, तिकीट माझं. पण शब्द म्हणजे शब्द. बाप असलेल्याला पोरकं म्हणायचं तर उद्या अर्धी झाशी येऊन राहील त्या घरात.’

माणूस वाईट वाटला नाही. हेच अवघड झालं. रुक्मिणीला कानपूरला त्या नव्या आईच्या दारात उभं केलेलं डोळ्यांसमोर आलं. ती तिथंही ‘पायताण बाहेर’ म्हणेल आणि पहिल्याच दिवशी मार खाईल.

१० फेब्रुवारी, गुरुवार

झाली साक्ष.

सकाळी मामी म्हणाली, ‘मी येत नाही, पापड वाळत घालायचेत.’ मामा आणि मी टांग्यानं गेलो. वाटेत मी वहीतले दाखले पाठ केले. टांगेवाला म्हणाला, ‘इम्तिहान है का, बिटिया?’

मुन्सफसाहेब लखनौकडचे, पांढरी दाढी, आवाज मऊ. त्यांनी आधी मला खुर्ची द्यायला सांगितली. रुक्मिणी आणि बकुळ काकांजवळ बाकावर होत्या. बकुळला बोलायचं नाही असं बजावलेलं होतं, म्हणून तिनं स्वतःचे ओठ बोटांनी धरून ठेवले होते.

मुन्सफसाहेब म्हणाले, ‘बेटी, हमारे यहाँ बाप मर जाए तो बच्चा यतीम, माँ मर जाए तो यसीर. आपकी ज़बान में?’

मी म्हटलं, ‘हुजूर, आमच्याकडे दोन शब्द नाहीत. एकच आहे, आणि तो आईकडे झुकतो.’ मग भीमरावाचं वासरू सांगितलं. कोर्ट हसलं. मुन्सफसाहेब हसले नाहीत, त्यांनी वासरू लिहून घेतलं. मला फार धीर आला. आता आपण जिंकलोच, असं वाटलं.

मग आबासाहेबांचे वकील श्रीवास्तवजी उठले. त्यांचं हिंदी फार गोड, त्यामुळे कुठं नेतायत ते लवकर कळत नाही.

‘वासराचं राहू द्या. आपल्या मातोश्री?’

‘मी अडीच वर्षांची असताना गेल्या.’

‘और पिताजी?’

‘आहेत. रेल्वेत गार्ड आहेत.’

‘मामांकडे वाढलात. चांगलं खाणंपिणं, शिक्षण, आज स्वतः शिक्षिका. माशाअल्ला. तर हुजुरांना एकदा सांगून टाका, आप खुद पोरकी हैं? हाँ या ना.’

मी सगळ्याची तयारी केली होती, एवढंच सोडून. ‘ना’ जिभेवर होतंच. आजवर मनात ज्या ज्या वेळी हा प्रश्न आला त्या त्या वेळी मी ‘नाही’च म्हटलंय. पण मी ‘ना’ म्हटलं की त्या बाकावरच्या दोघींचं घर गेलं. ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि मागच्या भिंतीशी जांभळी शाल दिसली. मामी! दाराच्या आडोशाला उभी होती, एकटी. माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या हातांकडे बघत होती.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. हिला स्थळांची काळजी नव्हतीच.

मी म्हटलं, ‘हुजूर, हो की नाही असं सांगता येत नाही. मी शब्द कसा वापरतात ते सांगायला आलेय, तर तेच सांगते. लोक मला पोरकी म्हणतात. स्थळ बघायला आलेले जिन्यात म्हणतात, हळदीकुंकवात म्हणतात. माझे वडील आहेत हे ठाऊक असून म्हणतात. म्हणजे मराठीत या शब्दाचा अर्थ तोच. फक्त आमच्या घरात हा शब्द मी कधी ऐकला नाही. एका घरात तो मला उद्देशून कुणी उच्चारला, तर माझ्या मामीनं अकरा वर्षं त्या घराची पायरी चढली नाही. शब्दाचा अर्थ दुसरा काही असता तर तिला राग का आला असता?’

श्रीवास्तवजी मात्र सोडणारे नव्हते. ‘वडील असतात कुठं?’

‘बीनाला. आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन झाशीला येतात.’

‘देखिए हुजूर! हफ़्ते में दो बार जिसका बाप—’

मुन्सफसाहेबांनी बोट वर केलं. ‘बेटी, और घर कितनी बार आते हैं?’

मी ‘दिवाळीला’ म्हणणार होते. मग शपथ आठवली, आणि मी मोजायला लागले. या दिवाळीला नाही. गेल्या दिवाळीलाही नाही, तेव्हा त्यांना ताप होता. ‘त्याच्या आधीच्या दिवाळीला आले होते,’ मी म्हटलं. हे मी याआधी कधी मोजलंच नव्हतं. पेशकाराची लेखणी थांबली.

‘बस,’ मुन्सफसाहेब म्हणाले, ‘लिख लिया.’

टांग्यात मामी माझ्याशेजारी बसली. शहराचा दरवाजा गेला, बाजार गेला. शेवटी मीच म्हटलं, ‘पापड?’

‘खाल्ले कावळ्यांनी.’

मग आणखी थोड्या वेळानं, ‘आवाज चांगला खणखणीत लागला तुझा. शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होता.’

१४ फेब्रुवारी, सोमवार

बाबांचं कार्ड आलं. झाशीच्या रनिंग रूममध्ये सगळ्यांना कळलंय. ‘भर कोर्टात बापाची शोभा केलीस.’ सही नेहमीसारखीच, अक्षर नेहमीपेक्षा मोठं.

मी उत्तर लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच ठेवलं : ‘शपथेवर विचारलं म्हणून सांगितलं. गुरुवारी भजी करते आहे. या.’

१७ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा आले! गार्डाचा कोट, हातात पेढ्यांची पुडी. मामा त्यांच्याशी मालगाडीच्या वाघिणींवर बोलले, दुसरा विषयच कुणाला सुचेना. मामीनं त्यांच्या पानात भजी वाढत वाढत ढीग केला. माझ्याकडे बघून बाबा म्हणाले, ‘उंच झालीस.’ मी सोळाव्या वर्षीच उंच झालेय, पण बोलले नाही.

निघताना म्हणाले, ‘दर खेपेला येत जाईन.’ त्यांना ते खरंच वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

भजी केली. बाबा आले नाहीत. गार झालेली भजी भीमरावाकडे दिली. त्याच्या वासरामुळे कोर्ट हललं होतं, त्याचा हक्कच आहे. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. पुढच्या गुरुवारी करणार नाही. आले तर ताजी तळीन.

१ मार्च, मंगळवार

निकाल आमच्या बाजूनं! मुन्सफसाहेबांनी लिहिलंय, की मृत्युपत्र लिहिणाऱ्या बाईचा शब्द तिच्या बोलीत आणि तिच्या आसपासच्या बायकांच्या तोंडी जसा वावरतो तसाच वाचला पाहिजे. आई नसलेली आणि बापानं न सांभाळलेली मुलगी ही ‘पोरकी’ या शब्दात येते. घर मुलींचं.

काकांनी आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती श्रीवास्तवजींना बसली.

बकुळनं विचारलं, ‘जिंकलो, म्हणजे आता आम्ही पोरक्या झालो?’

‘आधीच होतो,’ रुक्मिणी म्हणाली, ‘चुप बैठ.’

मी खाली वाकून सांगितलं, ‘कोर्टाच्या कागदावर फक्त. बाहेर कुणी म्हटलं तर माझ्याकडे यायचं.’

‘मग तुम्ही काय कराल?’

‘अकरा वर्षं त्यांच्याशी बोलणार नाही.’

बकुळला ही शिक्षा फारच आवडली.

आबासाहेब वऱ्हांड्यात तपकिरीची डबी नुसती हातात धरून उभे होते. मला हाक मारली. वाटलं, अपिलाची धमकी देणार. ते म्हणाले, ‘वकील म्हणतायत अपील करा. मी नाही म्हटलं. बेटी, माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. वडील होते, रोज घोड्यावरून रपेट करायचे. मला राधाकाकूनं आपल्याजवळ झोपवलं, पाच वर्षं. बाहेरच्या कुणाची मला पोरका म्हणायची टाप नव्हती, जहागिरीतलं घर आमचं. पण काकू थोपटताना म्हणायची, माझं पोरकं गं ते. तू साक्ष देत होतीस तेव्हा हे आठवलं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही.’

मी म्हटलं, ‘मुलींना सांगाल का राधाबाई कशा होत्या ते? त्यांना कुणी सांगितलेलं नाही.’

‘येईन,’ ते म्हणाले. बघू. ‘येईन’वर हल्ली माझा फार भरवसा नाही, पण चेहरा येणाऱ्याचा वाटला.

६ मार्च, रविवार

आबासाहेब आले! आंब्याच्या लोणच्याची बरणी घेऊन आले आणि राधाबाईंना पोहता येत होतं, ही अफाट बातमी मुलींना सांगून गेले. पायताण बाहेर काढायला विसरले म्हणून रुक्मिणीनं त्यांना परत पाठवलं. गेले बिचारे.

मामीही आली होती माझ्याबरोबर. मी बोलावलं नव्हतं, तीच म्हणाली, ‘बघू तरी ज्यांच्यासाठी एवढं झालं त्या पोरी.’ आल्या आल्या तिनं बकुळचं डोकं पाहिलं आणि ‘अगं बाई, हे काय!’ म्हणून तिथंच अंगणात उन्हात बसवून उवा काढायला घेतल्या. बकुळ कधी नव्हे ती गप्प. मी जवळ बसून उगाच केळीच्या पानाच्या चिंध्या करत होते.

मामी माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘कोर्टात तू तुझा शब्द सांगितलास.’

‘मामी, मला तुला दुखवायचं...’

‘ऐक तर. मलाही एक होता. तू यायच्या आधी सात वर्षं ऐकत होते. वांझ.’ तिनं फणी पुसली, पुन्हा तेलाच्या वाटीत बुडवली. ‘ओटी भरताना मला वगळायच्या. बारशाला बोलावणं नाही. सकाळी समोर आले तर तोंड फिरवायच्या. मग तुझ्या आईचं झालं आणि मामांनी तुला खांद्यावर घालून आणली. ताप होता तुला, सगळा रस्ता त्यांच्या कोटावर ओकली होतीस. दुसऱ्या दिवशी नळावर गेले तर बायका विचारायला लागल्या, पोर झोपली का, दूध घेते का. त्या दिवसापासून तो शब्द गेला. कुणी म्हणत असेलही, मला ऐकू आला नाही.’

मी पानाच्या चिंध्या खाली टाकल्या.

‘तेव्हा,’ मामी म्हणाली, ‘कमळाबाईशी मी भांडले ते सगळं तुझ्यासाठीच, असं समजून डोक्यावर चढू नकोस.’ आणि बकुळच्या टाळूवर टिचकी मारली. ‘ए, मान सरळ धर. किती हलतेस!’

मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. पण एवढ्यात रुक्मिणी दारातून आली, आपलंही डोकं खाजवत, आणि माझ्यासमोर पाठ करून बसली. मी दुसरी फणी घेतली.